अहमदनगरच्या किल्ल्यांतील दत्तक मुलगा

मराठी गद्याच्या इतिहासांत 1882 आणि 1883 हीं दोन वर्षें एका विलक्षण योगामुळें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिल्या वर्षीं गोपाळ गणेश आगरकर यांचें 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे 101 दिवस' हें छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झालें. दुसऱ्या वर्षीं त्यांनींच केलेलें शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचें भाषांतर 'विकारविलसित' या नांवानें बाहेर आलें. हीं दोन्ही पुस्तकें एकाच प्रकरणाचीं अपत्यें होत. कोल्हापूरच्या तरुण राजाला वेड लागलें आहे कीं लावण्यांत येत आहे, या वादांत टिळक आणि आगरकर तुरुंगांत गेले. त्या तुरुंगांतच आगरकरांनीं 'हॅम्लेट' हातीं घेतलें, आणि तेथील दिवसांची हकीकतही पुढें लिहून काढली. वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं या पुस्तकांविषयीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु पहिल्या पुस्तकाचा विषय तुरुंग, दुसऱ्याचा डेन्मार्क. ज्याच्यामुळें हें सारें घडलें तो मुलगा दोहोंच्याही बाहेर राहिला. त्या मुलाकडे पाहून मराठी साहित्याला एक प्रश्न विचारावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. कोल्हापूरचे छत्रपति राजाराममहाराज विलायतेहून परत येत असतां 30 नोव्हेंबर 1870 रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. गादीला वारस नव्हता. म्हणून 1871 सालीं नारायणराव भोसले नांवाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यांत आला व त्याचें नांव शिवाजी ठेवण्यांत आलें. वयांत येण्याच्या सुमारास त्याचें चित्त ठिकाणावर नाहीं असें जाहीर झालें. रावबहादुर महादेव वासुदेव बर्वे हे तेव्हां संस्थानचे कारभारी होते. राजवाड्यांत महाराजांचा छळ होतो आहे अशी ओरड झाली. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनीं ती उचलून धरली. त्या वादांत बर्वे यांच्या नांवावर मोडणारीं जीं पत्रें प्रसिद्ध झालीं तीं बनावट निघालीं, आणि जुलै 1882 मध्यें टिळक व आगरकर यांस अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची साधी कैद झाली. 26 ऑक्टोबर रोजीं ते सुटले. लोकांनीं त्यांचें मोठ्या प्रेमानें स्वागत केलें. ज्यांच्यासाठीं हें घडलें ते महाराज मात्र सुटले नाहींत. त्यांना कोल्हापुराहून दूर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत ठेवलेलें होतें. तेथेंच 25 डिसेंबर 1883 रोजीं, ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत, त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें.

या प्रकरणाचा विचार करतांना आपण आजवर दोनच बाजू पाहत आलों. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, महाराज वेडे आहेत, तेव्हां त्यांना बंधनांत ठेवणें योग्यच आहे. लोकपक्षाचें म्हणणें असें कीं, महाराज मुळांत शहाणे आहेत, किंवा छळानें त्यांना वेड लावण्यांत येत आहे, तेव्हां बंधन हा अन्याय आहे. लोकपक्षाचा कळवळा खरा होता, त्याची किंमतही त्यानें मोजली. त्याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु दोन्ही पक्षांचें एका गोष्टीवर एकमत होतें, आणि तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. शहाण्या माणसाला जो न्याय लागू तो वेड्याला लागू नाहीं, हें दोघांनींही गृहीत धरलें होतें. म्हणूनच सारा वाद 'वेडा कीं शहाणा' या एका प्रश्नाभोंवतीं फिरत राहिला. तो मुलगा खरोखरीच आजारी असेल तर त्याचें आपणांवर काय देणें लागतें, हा तिसरा प्रश्न कोणींच विचारला नाहीं. त्याला अन्न कोण भरवितो, रात्रीं झोंप लागली नाहीं तर उशाशीं कोण बसतो, तो ओरडला तर त्याचा हात धरणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे कीं पगारी शिपाई आहे, हे प्रश्न राजकारणाचे नव्हते. म्हणून ते वर्तमानपत्रांत आले नाहींत, आणि वर्तमानपत्रांत न आल्यामुळें इतिहासांतही शिरले नाहींत.

आगरकरांचें तुरुंगावरील पुस्तक आजही प्रसन्न वाटतें. खोलीची अडचण, तुरुंगांतील अन्न, आणि दोघां मित्रांनीं रंगविलेले पुढील कार्याचे बेत यांचें वर्णन त्यांत कुरकुर न करतां केलेलें आहे. बंदिवासाचें वर्णन कसें करावें याचा तो मराठींतील एक उत्तम नमुना होय. परंतु हें वर्णन करणारा बंदिवान तरुण, विद्वान, निरोगी आणि स्वतःच्या मर्जीनें संकटांत उतरलेला होता. त्याच्या जवळ मित्र होता, हातांत लेखणी होती, आणि सुटकेचा दिवस त्याला ठाऊक होता. या तीन गोष्टी नसलेला दुसरा बंदिवान त्याच काळांत या प्रांतांत होता. त्याचें पुस्तक कोणीं लिहावें? तो स्वतः लिहूं शकत नव्हता, आणि ज्यांना लिहितां येत होतें त्यांच्यापैकीं कोणी त्याच्या खोलींत गेला नव्हता.

'विकारविलसित' या नांवाकडे पाहिलें म्हणजे आगरकरांच्या दृष्टीची खोली अधिक जाणवते. 'विकार' या शब्दाचा त्या काळचा अर्थ राग, लोभ, शोक, संशय अशा सर्व माणसांच्या मनांत उठणाऱ्या लाटा असा होता. आज आपण 'मनोविकार' म्हणतों तें रोगाला उद्देशून म्हणतों. हॅम्लेटचें वेड खरें कीं सोंग, यावर टीकाकारांनीं ग्रंथ लिहिले. पण आगरकरांनीं मथळ्यांतच त्याला तुमच्याआमच्या विकारांच्या पंक्तीला बसविलें. पुढें शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनीं हें नाटक गाजविलें, आणि मराठी प्रेक्षक डेन्मार्कच्या राजपुत्रासाठीं हळहळला. परक्या देशाच्या कल्पित राजपुत्राचें दुःख ज्याला आपलेंसें करतां आलें, त्याच समाजाच्या लेखीं कोल्हापूरचा खराखुरा राजपुत्र मात्र दुसऱ्यांच्या चरित्रांतील एक प्रकरण होऊन राहिला. वेड रंगभूमीवर आलें कीं आपणांस तें समजतें. तें घरांत आलें कीं आपण दार लावून घेतों.

आतां दत्तकाची गोष्ट पाहूं. नारायणराव दत्तक गेला तो गादीसाठीं. जुन्या दत्तकविधानाचे हेतु पिंड, वंश आणि मालमत्ता हे होते. मूल हें त्या हेतूंचें साधन होतें. साधन मोडलें तर दुसरें शोधावयाचें, हाच त्या व्यवहाराचा न्याय. 25 डिसेंबर 1883 रोजीं शिवाजीमहाराज वारले, आणि 17 मार्च 1884 रोजीं कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव शाहू या नांवानें दत्तक आले. मधें पुरते तीन महिनेही गेले नाहींत. राजर्षि शाहू पुढें किती थोर झाले हें महाराष्ट्राला सांगावयास नको. त्यांच्या थोरवीला या कथनानें कांहीं उणेपणा येत नाहीं. परंतु इतकें मात्र दिसतें कीं, गादी रिकामी राहिली नाहीं, आणि जो गेला त्याची जागा रिकामी आहे असें कोणाला वाटलें नाहीं. गादीला वारस हवा होता. मुलाला आईबाप हवे होते. पहिली गरज भागविणारे पुष्कळ होते, दुसरीचा विचार झालाच नाहीं.

आज काळ पालटला आहे. 1956 च्या हिंदु दत्तक कायद्यानें मुलींनाही दत्तक घेण्याची मोकळीक दिली, आणि एकदां रीतसर झालेलें दत्तकविधान आईबापांना रद्द करतां येत नाहीं असें स्पष्ट सांगितलें. 2015 च्या बालन्याय कायद्यानें तर व्यवहाराची दिशाच फिरविली. निपुत्रिकाला मूल मिळवून देणें हा हेतु मागें पडून मुलाला कुटुंब मिळवून देणें हा हेतु पुढें आला. परंतु कायदा पालटला म्हणून भाषा पालटत नाहीं. आमच्या लोणारच्या परिसरांतील एका सुशिक्षित कुटुंबाची हकीकत नांवनिशाणी वगळून येथें सांगतों. पतिपत्नींनीं दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. चौदाव्या वर्षापर्यंत ती सर्वांसारखी वाढली. पुढें तिची झोंप गेली, कानांत आवाज येऊं लागले, आणि तिनें स्वतःच्या अंगावर जखमा करून घेतल्या. औषधोपचार झाले, पण घरीं तिचा जीव सुरक्षित राहीना. शेवटीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं महिने तिला दूरच्या शहरांतील एका निवासी संस्थेंत ठेवावें लागलें. नातेवाइकांनीं दोन वाक्यें ऐकविलीं. एक, 'अहो, रक्तच दुसऱ्याचें.' दुसरें, 'शेवटीं परत केलीच ना?' बाप दर पंधरवड्यास एस. टी. नें जातो, आई दर आठवड्यास पत्र लिहिते, मुलीची खोली झाडून ठेवलेली आहे. पण या सगळ्याला नांव देणारा शब्द त्यांच्याजवळ नाहीं. या आईनें आम्हांस विचारलें कीं, मराठींत असें एखादें पुस्तक आहे काय, कीं जें वाचून आपण आई आहों अशी खात्री पटेल?

प्रश्न साधा आहे, पण टीकाकाराला तो अडचणींत टाकतो. आपल्या साहित्यांतील दत्तक म्हटला कीं कर्ण डोळ्यांपुढें येतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 सालची. तिच्याआधीं आणि नंतरही कर्णानें मराठी लेखकांस सतत मोह घातला. परंतु या लेखनाचा सारा भर कर्णाच्या जन्मरहस्यावर, कुंतीच्या व्यथेवर आणि कवचकुंडलांवर पडतो. रक्त लपत नाहीं, हाच त्याचा गाभा. मूळ महाभारत याहून उदार आहे. उद्योगपर्वांत कृष्ण कर्णाला त्याचें खरें कुल सांगून पांडवांकडे बोलावितो, तेव्हां कर्ण राधेची आठवण काढतो: माझ्यावरील मायेनें तिला पान्हा फुटला, तिनें माझें मलमूत्र काढलें, तिचें पिंड मी कसें तोडूं? आईपणाची याहून पक्की व्याख्या कोणत्या धर्मशास्त्रांत आहे? पण मराठी कादंबरीकारानें राजसभेंतील अपमानाची पानेंच्या पानें लिहिलीं, आणि राधेच्या त्या रात्रींसाठीं त्याला तेवढी जागा सांपडली नाहीं. जयवंत दळवी यांच्या 1977 सालच्या 'बॅरिस्टर' नाटकांत वेड हें घराण्यांतून उतरत येणारें अटळ प्रारब्ध म्हणून येतें. नाटक म्हणून तें विलक्षण प्रभावी आहे, यांत वाद नाहीं. परंतु अशा नाटकांनीं प्रेक्षकाच्या मनांत 'रक्तांतच असतें' ही समजूत अधिकच घट्ट केली. मनाच्या आजारांत आनुवंशिकतेचा वांटा असतो हें शास्त्र मान्य करतें. पण वांटा म्हणजे निकाल नव्हे. आणि दत्तक मुलाच्या बाबतींत तर लहानपणींची ताटातूट, उपासमार, हेळसांड यांचाही वांटा असूं शकतो. ते कांहीं रक्तांत नसतें.

दळवींनींच 'नातीगोती' या नाटकांत मतिमंद मुलाच्या आईबापांची कुतरओढ दाखवून मध्यमवर्गीय प्रेक्षकाला त्याच्याच दिवाणखान्यांत नेऊन बसविलें, हें त्यांचें ऋण मान्य केलें पाहिजे. मात्र मतिमंदत्व आणि मानसिक आजार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यांत बुद्धीची वाढच कमी होते. दुसऱ्यांत तल्लख बुद्धीचें मूलही सांपडतें, आणि त्याला कधीं बरें तर कधीं अधिक असे चढउतार येतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनीं 'देवराई' या 2004 सालच्या चित्रपटांत स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची कथा सांगितली, आणि या आजाराला प्रथमच त्याच्या खऱ्या नांवानें घरोघर पोंचविलें. त्याच जोडीच्या 'कासव' या चित्रपटास 2016 सालासाठींचें राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालें. त्यांत जीवावर उदार झालेल्या एका तरुणाला रक्ताचें कांहींही नातें नसलेली स्त्री आपल्या घरीं नेते. कासवी किनाऱ्यावर अंडीं घालून समुद्रांत परत जाते, आणि पिलांना पाण्यापर्यंत सुखरूप जाऊं देण्याचें काम गांवकरी करतात. हा दृष्टांत दत्तकाला किती चपखल बसतो हें सांगावयास नको. आमच्या मतें त्या आईच्या प्रश्नाला मराठींतील सर्वांत जवळचें उत्तर हेंच. तरी तेथेंही माया म्हणजे जवळ ठेवणें होय. घर शांत आहे, समुद्र समोर आहे, माणसें समजूतदार आहेत. जवळ ठेवतां येत नाहीं त्या आईनें काय करावें, हा प्रश्न तेथेंही शिल्लकच राहतो.

लोणारच्या माणसाला या प्रश्नाचें एक रूप लहानपणापासून माहीत असतें. सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें येथील सरोवर उल्कापातानें झालें असें शास्त्र सांगतें. पुराण सांगतें कीं येथें लवणासुराचें भुयार होतें, वर झाकण होतें, आणि दैत्यसूदनानें तें झाकण उडवून त्याला ठार केलें. झाकण ढाकेफळला जाऊन पडलें अशी आख्यायिका आहे. जें आपणांस भिववितें त्याला खड्ड्यांत ठेवावें आणि वर झाकण घालावें, ही माणसाची जुनी खोड आहे. अहमदनगरचा किल्ला हें असेंच एक झाकण होतें. 6 ऑगस्ट 2001 रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें आग लागली, तेव्हां साखळदंडांनीं बांधलेले मनोरुग्ण पळूं शकले नाहींत. अठ्ठावीस जण मेले. तेंही झाकणच. परंतु ज्या घरांत आजारी मूल पाहुण्यांपासून लपवून आंतल्या खोलींत कोंडलें जातें, तें घर देखील झाकण होऊं शकतें, हें आपण विसरतों. म्हणून मूल घरीं आहे कीं संस्थेंत आहे, ही कसोटीच नव्हे. तें झाकणाखालीं आहे कीं छपराखालीं आहे, हें पाहिलें पाहिजे.

छपराची ओळख कशी पटावी? कोल्हापूरच्या त्या मुलाला ज्या तीन गोष्टी मिळाल्या नाहींत, त्यांवरून ती पटवितां येईल. पहिली, आपल्या माणसाचें सान्निध्य. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अल्पवयीन मुलाला संस्थेंत दाखल करणें हा अपवादाचा मार्ग ठरविला, त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळें ठेवावें असें सांगितलें, आणि पालकानें किंवा त्यानें नेमलेल्या माणसानें दाखल असेपर्यंत मुलाजवळ राहिलेंच पाहिजे असा दंडक घातला. दुसरी, मुलाचें स्वतःचें म्हणणें. 1882 सालीं महाराजांच्या नांवानें सर्वजण बोलले, फक्त महाराज बोलले नाहींत. मुलाला काय आवडतें, कोणाची भीति वाटते, औषधानें काय होतें, हें त्याच्याच तोंडून ऐकणें हा पालकत्वाचा निम्मा भाग आहे. तिसरी, परतीची वाट. केवळ घरचे नेत नाहींत म्हणून कोणालाही रुग्णालयांत डांबून ठेवूं नये असें हाच कायदा सांगतो, आणि अल्पवयीनाचा मुक्काम तीस दिवसांहून लांबला तर त्याची फेरतपासणी मंडळाकडून व्हावी असेंही सांगतो. खोली झाडून ठेवणारी ती आई हा कायदा न वाचतांच पाळीत आहे.

अर्थात् कायदा कागदावर आणि मुलगी वॉर्डांत, यांमधलें अंतर मोठें आहे. महाराष्ट्रांत सरकारचीं प्रादेशिक मनोरुग्णालयें ठाणें, पुणें, नागपूर आणि रत्नागिरी येथें. बुलढाणा जिल्ह्याच्या कोपऱ्यांतून निघालेल्या कुटुंबाला हीं सारीं दूरच. जें सरकार पालकाला मुलाजवळ राहावयास सांगतें, त्यानें तो कोठें उतरेल, त्याची रोजी कशी भागेल, हेंही पाहिलें पाहिजे. तरी आमच्या विदर्भांत आशेची जागा अगदींच नाहीं असें नाहीं. चिखली तालुक्यांतील पळसखेड सपकाळ येथें 'सेवासंकल्प' ही संस्था रस्त्यावर टाकलेल्या मनोरुग्णांना आपलें म्हणून ठेवून घेते. अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या 123 अपंग व मतिमंद मुलांना बाप म्हणून स्वतःचें नांव लावलें, आणि अठरा वर्षें पुरीं झालीं म्हणून मुलांना बालगृहांतून बाहेर काढण्याच्या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षें लढा दिला. 2024 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्या गौरवापेक्षां आम्हांस त्यांच्या हट्टाचें मोल अधिक वाटतें. बापपण अठराव्या वर्षीं संपत नाहीं, आणि संस्थेच्या भिंतीपाशींही संपत नाहीं, हें त्यांनीं व्यवहारांत करून दाखविलें.

साहित्याचें काम रुग्णालयें बांधण्याचें नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. पण ज्या अनुभवाला भाषेंत जागा नाहीं, त्याला समाजांतही जागा मिळत नाहीं. आपल्या भाषेंत मुलाला 'ठेवणें' आणि 'टाकणें' असे दोन शब्द आहेत. दूर ठेवूनही न टाकण्याचें जें कठीण कर्म हजारों आईबाप करीत असतील, त्याचें चित्र आपल्या कथाकादंबऱ्यांनीं अजून नीटपणें काढलेलें नाहीं. तें काढूं पाहणाऱ्या लेखकाला आमची सूचना एवढीच आहे कीं, त्यानें या आईला देवी करूं नये आणि अपराधीही ठरवूं नये. ती थकते, तिला मुलीची भीति वाटते, ती दूर असली कीं रात्रीं बरी झोंप लागते, आणि झोंप लागली म्हणून सकाळीं लाज वाटते. हें सारें जसेंच्या तसें लिहिलें पाहिजे. मुलगी बरी होऊन घरीं येते असा गोड शेवटही त्यानें घाईनें करूं नये. कांहीं मुलें येतात, कांहीं येतात आणि पुन्हां जातात. आणि त्या लेखकानें एकदां तरी अहमदनगरच्या किल्ल्यांतील त्या वीस वर्षांच्या मुलाची आठवण करावी. तो वेडा होता कीं शहाणा, हें आतां कोणाला ठरवितां येणार नाहीं आणि ठरविण्याचें कारणही उरलेलें नाहीं. त्याच्या खोलीच्या दाराशीं आपलें म्हणावें असें कोणी बसलेलें नव्हतें, ही गोष्ट मात्र निश्चित दिसते. तेवढी एक जागा मराठी लेखणीनें भरून काढली, तर त्या आईच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखें होईल.